सोलापूर ते पानिपत आणि परत : एका डेस्कटॉपच्या विमानप्रवासाचं प्रकरण

जुलै २०२४ मधला रविवार. रात्री साडेनऊच्या सुमारास दुकानाचं शटर ओढत होतो, तेवढ्यात पानिपतहून एका ओळखीच्या मुलीचा फोन आला. "काका, पंखे फिरतायत, लाइट लागतोय, पण डिस्प्लेच येईना ओ." आवाजात रडू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं.

तिची ही डेस्कटॉप मशीन मी सोलापुरात नवी पेठेतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात स्वतः जुळवलेली. मुलगी पानिपतला निघायच्या आदल्या दिवशी अण्णा, म्हणजे तिचे वडील, विचारायला आले होते, "विमानातनं नेताना काही होईल का ओ?" मी म्हणालो, "कॅबिनेटच्या ओरिजिनल खोक्यात घाला, थर्माकोल लावा, काही होत नाही." हेच वाक्य मी आजवर कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितलंय. या वेळी ते चुकीचं ठरलं. पुढच्या दीड वर्षात त्याच मशीनचा दुसरा विमानप्रवास झाला आणि तो नीट पार पडला. दोन्ही प्रवास मला बारीकसारीक तपशिलांसह माहीत आहेत, म्हणून हे लिहून ठेवतोय.

मशीन कुणाची, कशासाठी

अण्णांचे सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचे यंत्रमाग आहेत. त्यांचे वडील चादरीच्या जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, काम करायचे. त्या काळी नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून उतरवत. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथं तो खालीच राहतो. ही मुलगी तेच काम आता पडद्यावर करते. नक्षी काढायची, तिची फाइल इलेक्ट्रॉनिक जकार्डला द्यायची आणि विणलेला कपडा पलंगावर कसा दिसेल त्याचं थ्रीडी चित्र खरेदीदाराला दाखवायचं. त्या चित्रांसाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. लॅपटॉपवर तिचं भागत नव्हतं.

मशीन अशी होती : एक मिड टॉवर कॅबिनेट, रायझन ५९००एक्स प्रोसेसर, त्यावर तो थंड ठेवणारा, जवळपास एक किलोचा उभा एअर कूलर आणि तीन पंख्यांचं, ३० सेंटिमीटरपेक्षा लांब, सव्वा किलोच्या आसपासचं ग्राफिक्स कार्ड. सगळं मिळून साडेतेरा किलो. आत एक एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी चिपची डिस्क. त्यात आजोबांच्या जुन्या कार्डांवरून तिनं तीन वर्षं बसून उतरवलेल्या नक्ष्या होत्या. ती मूळ कार्डं पावसाळ्यात भिजून, कसर लागून बरीचशी गेली आहेत. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

पानिपत हे आपल्यासारखंच कापडाचं गाव, चादरी, ब्लँकेट, गालिचे यांचं. दिल्ली विमानतळापासून रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या आसपास. तिला नोकरीचं पत्र गुरुवारी आलं, हजर व्हायचं सोमवारी. सोलापुरातून कर्नाटक एक्सप्रेस थेट दिल्लीला जाते, आणि हातात चार-आठ दिवस असते तर मी तिला गाडीनंच जा म्हणालो असतो. खोका आपल्या बर्थखाली राहतो, तो उचलून आपटणारं कुणी नसतं. पण तिकीट वेटिंगवर होतं आणि एक अख्खा दिवस प्रवासातच जाणार होता. सोलापूरहून तेव्हा विमान नव्हतं. म्हणून पुण्यापर्यंत गाडी आणि पुण्याहून दिल्लीला थेट विमान असं ठरलं.

पहिला प्रवास

खोका ५२ बाय २८ बाय ५० सेंटिमीटर. लांबी, रुंदी, उंची मिळून १३०. चेक-इन सामानाला साधारणपणे १५८ पर्यंत चालतं, त्यामुळे मापाची अडचण नव्हती. अडचण वजनाची झाली. देशांतर्गत तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो मिळतात. खोका आणि थर्माकोल धरून मशीनच १५ किलोच्या वर गेली होती, शिवाय आईनं दिलेली शेंगा चटणी, कडक भाकरी आणि कपड्यांची वेगळी बॅग. जादा वजनाचे पैसे भरावे लागले. ते भरले, त्याबद्दल तक्रार नाही.

काउंटरवर विचारलं, "आत बॅटरी आहे का?" मुलगी खरं बोलणारी. ती म्हणाली, "हो, बोर्डवर आहे." झालं, खोका बाजूला काढला. वीस मिनिटं चौकशी चालली. बोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, आणि त्यावरची बॅटरी म्हणजे नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा. यंत्रात बसवलेला असा सेल चेक-इन सामानात चालतो. उलट "कशाला कटकट" म्हणून तो काढून सुटा खोक्यात टाकला, तर तो सुटा लिथियम सेल ठरतो, आणि सुटे लिथियम सेल चेक-इनमध्ये चालत नाहीत, पॉवर बँकेसारखे तेही हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात. म्हणून सेलला हात लावू नये. "डेस्कटॉप आहे, बोर्डवर फक्त घड्याळाचा सेल आहे, दुसरी बॅटरी नाही," असं एका दमात सांगावं.

त्यानंतर खोक्यावर नाजूक वस्तूचा लाल स्टिकर लावला आणि तिच्याकडून एका टॅगवर सही घेतली. टॅगवर बारीक अक्षरात छापलेलं होतं की वस्तू नाजूक आहे, मोडतोड झाल्यास कंपनी जबाबदार नाही. मागं रांग होती. तिनं सही केली.

दिल्लीत पट्ट्यावर खोका आडवा आला. एक कोपरा आत दबलेला. रात्र होत आली होती, पानिपतची गाडी खाली उभी होती. तिनं खोका उचलला आणि निघाली.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर

मी तिला प्लग काढायला लावला, बाजूची काच उतरवायला सांगितली आणि फोन आत धरायला लावला. बघितलं आणि पोटात गोळा आला. ग्राफिक्स कार्डाचं पुढचं टोक बोटभर खाली झुकलेलं. मागचे दोन स्क्रू जागेवर घट्ट होते, पण कार्ड बोर्डवर ज्यात बसतं त्या स्लॉटच्या टोकाची प्लास्टिकची खिटी तुटून तळाशी पडली होती, आणि अख्खा स्लॉट बोर्डपासून एका बाजूनं उचकटलेला. टॉर्च मारल्यावर सोल्डरमधून सुटलेल्या पिनांची चकाकती रांग दिसत होती. ५९००एक्समध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्डाशिवाय पडदा लागण्याचा प्रश्नच नव्हता.

सोमवारी नोकरीवरून सुटल्यावर तिथल्या एका दुरुस्तीवाल्याकडं कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघितलं. ते चालू होतं. प्रोसेसर, रॅम, एसएसडी चालू. गेला तो मदरबोर्ड. नवा साडेअकरा हजारांना बसला.

नवा बोर्ड बसल्यावर आणखी एक घाबरवणारा प्रसंग आला. चालू करताच काळ्या पडद्यावर एफटीपीएमबद्दल प्रश्न आला, वाय दाबू की एन. ही सुरक्षेची किल्ली सांभाळणारी सोय असते, आणि बोर्ड बदलला की ती नव्यानं करायची का असं मशीन विचारते. दुरुस्तीवाल्यानं वाय दाबलं. लगेच विंडोजनं निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. तिला तर एसएसडी लॉक आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर हे आपोआप चालू होतं. नशिबानं ही रिकव्हरी की तिच्या खात्यात जमा होती, फोनवरून उघडून एकेक आकडा टाकला. ते खातं उघडताच आलं नसतं, तर आजोबांच्या नक्ष्या चालू एसएसडीवर असूनही कायमच्या बंद झाल्या असत्या.

तेव्हा मी विचारलं, "बाळ, या फाइलींची दुसरी कॉपी कुठं आहे?" ती गप्प झाली. कॉपी नव्हती. तीन वर्षांचं काम एकाच चिपवर, आणि ती चिप विमानाच्या पोटातून गेलेली. मोडलेल्या बोर्डापेक्षा मला याची जास्त धास्ती वाटली. बोर्ड दुकानात मिळतो.

भरपाईचं काय झालं

काही मिळाली नाही. आपल्याकडं कॅरेज बाय एअर ॲक्ट १९७२ खाली देशांतर्गत प्रवासात चेक-इन सामानाचं नुकसान झालं, तर कंपनीची जबाबदारी प्रवाशामागं २०,००० रुपयांपर्यंत मर्यादित आहे. मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. आणि विमानतळ सोडायच्या आधी तिथल्या काउंटरवर नुकसानीचा अहवाल लिहून घेतला नसेल, तर पुढं सिद्ध करणं फार जड जातं. तिनं अहवाल घेतला नव्हता, खोका न उघडता नेला होता, आणि वर जबाबदारी नाकारणाऱ्या टॅगवर सही होती. पाचव्या दिवशी ईमेल केला. चार ओळींचं उत्तर आलं, त्यात त्या सहीचा उल्लेख होता.

यात अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. वस्तू नाजूक आहे हे मान्य करून घेणं वेगळं आणि ती कशीही हाताळायची मोकळीक घेणं वेगळं. पण तो राग पुढच्या पॅकिंगच्या कामाचा नव्हता, म्हणून बाजूला ठेवला.

का मोडलं

हे मी कागदावर मांडून बघितलं, कारण "आपटलं असेल" एवढ्यानं माझं समाधान होत नव्हतं.

टॉवर उभा असतो तेव्हा बोर्ड भिंतीसारखा उभा असतो आणि ग्राफिक्स कार्ड त्यातून आडवं बाहेर येतं, भिंतीतल्या फळीसारखं. या फळीला एका टोकाला दोन स्क्रू, बाकी आधार स्लॉटच्या प्लास्टिकचा. टेबलावर ठेवलेल्या मशीनमध्ये एवढं पुरतं. आता खोका अर्ध्या मीटरवरून पडला असं धरा. थर्माकोल कडक असतो, एखादा सेंटिमीटर दबून थांबतो. ५० सेंटिमीटर पडणं आणि एका सेंटिमीटरात थांबणं म्हणजे थांबतानाचा सरासरी झटका गुरुत्वाच्या ५० पट. सव्वा किलोचं कार्ड त्या क्षणापुरतं ६० किलोंचं होतं. एक माणूस त्या फळीवर उभा राहिल्यासारखं. तेच पॅकिंग पाच सेंटिमीटर दबणारं असतं, तर झटका दहा पट, म्हणजे बारा-साडेबारा किलो.

ओरिजिनल खोका आणि त्यातला थर्माकोल रिकाम्या कॅबिनेटसाठी बनवलेला असतो. कारखान्यातून येताना आत ना कार्ड असतं ना कूलर. माझा सल्ला इथं चुकला होता. मी खोक्याच्या बाहेरचा विचार केला, आत काय लटकतंय त्याचा केला नाही.

ही गोष्ट मला समजावून सांगितली ती अण्णांच्या घरच्या मंडळींनी, त्यांच्या पद्धतीनं. त्यांच्याकडं खोक्याबद्दल बोलत होतो, तर वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, म्हणाल्या, "कडक भाकरी डब्यात घट्ट बसली की मुंबईपर्यंत जाते. डब्यात जागा राहिली की बार्शीपर्यंतसुद्धा चुराच." पॅकिंगचं सगळं शास्त्र त्यात आहे. आत हलायला जागा नको आणि बाहेर दबायला जागा हवी.

परतीचा प्रवास

नोव्हेंबर २०२५ मध्ये ती परत यायला निघाली. अण्णांच्या टॉवेलला स्वतःच्या नक्षीची जोड द्यायची असं बापलेकीनं ठरवलं होतं. अण्णांचा पहिला आग्रह, "आता होटगी रोडला विमान उतरतंय की, पुण्याला कशाला?" खरं होतं. जूनमध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली होती, आणि सोलापूरकराला त्याचा आनंद किती हे मी सांगायला नको. पण दिल्ली-मुंबई आणि मुंबई-सोलापूर म्हणजे खोका दोनदा चढणार, दोनदा उतरणार. शिवाय दोन तिकिटं वेगळी असली तर सामानाचे नियम दोन ठिकाणी वेगळे, आणि लहान विमानात वरच्या कप्प्याची जागाही कमी. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही या विमानानं जरूर या-जा. खोका मात्र दिल्ली-पुणे थेट येऊ दे." पुण्याला गाडी घेऊन मी स्वतः जाणार होतो.

दोन संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पॅकिंग केलं. सगळ्यात आधी कॉपी. एका बाहेरच्या डिस्कवर सगळ्या फाइली, दुसरी प्रत ऑनलाइन, आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून पर्समध्ये.

मग कूलर. इथं मी तिला घाई करू दिली नाही. या एएम४ जातीच्या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, खालच्या सॉकेटला नाही. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामध्ये लावलेली जुनी थर्मल पेस्ट गोंदासारखी घट्ट झालेली असते. थंड मशीनवर कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी एक जड रेंडर, म्हणजे थ्रीडी चित्र तयार करायचं काम, दहा मिनिटं चालवायला सांगितला, म्हणजे पेस्ट मऊ पडते. मशीन बंद, प्लग काढला, स्क्रू आळीपाळीनं सैल केले. "आता ओढू नको. बरणीचं झाकण फिरवतेस तसं हळूच डावीकडं, हळूच उजवीकडं." दोनदा फिरला, तिसऱ्यांदा चक्क घसरून सुटला. प्रोसेसर जागेवर होता. दोघांनीही श्वास सोडला. कूलरचे स्क्रू एका पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहिलं.

ग्राफिक्स कार्ड काढताना आधी दोन स्क्रू काढायचे, मग स्लॉटची खिटी दाबून कार्ड सरळ बाहेर. ते अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेपासून जपणाऱ्या, पिशवीत आणि स्वतःच्या खोक्यात. एसएसडी छोट्या डबीत. कार्ड, कूलर, एसएसडी, बाहेरची डिस्क हे सगळं हातातल्या बॅगेत, सात किलोंच्या आत आरामात. अख्खा टॉवर हातातल्या बॅगेत जातच नाही, कारण तिथं साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचं माप असतं. स्क्रू ड्रायव्हर मात्र चेक-इनच्या खोक्यात, हातात ठेवला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

बोर्ड, रॅम, प्रोसेसर आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) कॅबिनेटमध्येच ठेवले. बोर्ड नऊ स्क्रूंवर बसलेला, वजन आता हलकं, लटकणारं काही नाही. आतली रिकामी जागा इलेक्ट्रॉनिक्सच्या गुलाबी बबल रॅपनं भरली. तिला तिथंही टॉवेल भरायचे होते, मी नको म्हणालो. टॉवेलची लव पंख्यात आणि सॉकेटमध्ये अडकते, घासून स्थिर वीजही होते. टॉवेल बाहेरून. कॅबिनेट पातळ पिशवीत घालून मोठ्या दुहेरी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आणि सहाही बाजूंनी अण्णांच्या मागावरच्या टेरी टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या बसवल्या, प्रत्येक बाजूला निदान चार बोटं जाड. टेरीच्या उभ्या फाशांमुळे तो दाबला की चांगला दबतो आणि परत फुगतो. पॉवर केबल लागते त्या जागेवर कागद चिकटवून त्यावर लिहिलं, "आत पॅकिंग आहे. काढल्याशिवाय चालू करू नये." घाईत हे विसरणारी माणसं मी पाहिली आहेत, पंखे अडकून बसतात.

मॉनिटर आणि यूपीएस तिनं तिथंच एका मैत्रिणीला विकले. यूपीएसमध्ये शिशाची जड बॅटरी असते, ती विमानात न्यायच्या भानगडीत पडूच नये. मॉनिटरचं माप बसलं असतं, पण पडदा फुटायला एक कोपरा पुरे.

खोक्याचं वजन भरलं साडेचौदा किलो. दिल्लीत सुरक्षा तपासणीला तिनं स्वतःहून कार्ड आणि कूलर ट्रेमध्ये वेगळे ठेवले. जवानानं कूलर हातात घेऊन उलटसुलट बघितला. तिनं आदल्या दिवशी काढलेला उघड्या मशीनचा फोटो आणि कार्डाचं बिल दाखवलं. दोन मिनिटांत सुटली. एसएसडी एक्स-रेमधून गेली, त्यानं तिला काही होत नाही. काउंटरवर टॅग पुन्हा पुढं आला. तिनं आधी खोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढले, मग सही केली.

पुण्यात मी पट्ट्यापाशी जाऊ शकत नाही, बाहेर थांबलो होतो. ती फोनवर सांगत होती, "काका, आला. एक कोपरा दबलाय." मी म्हणालो, "तिथंच उघड. टेप काप." तिनं काउंटरजवळ खोका उघडला, टॉवेल बाजूला केले, कॅबिनेटवर हात फिरवला. कॅबिनेटवर ओरखडाही नव्हता. दबला होता तो टॉवेल.

सोलापुरात पोहोचायला रात्रीचे आठ वाजले. घरी न जाता आधी दुकानात आलो, कारण मला झोप लागली नसती. बबल रॅप काढला, जुनी पेस्ट पुसली, मटाराएवढी नवी लावली, कूलर बसवला, कार्ड बसवलं, खिटीचा टक् आवाज आला. एसएसडी लावली. अण्णा समोरच्या स्टुलावर बसून होते, वहिनींनी दिलेला डबा मांडीवर. बटण दाबलं. पंखे फिरले, मग काही सेकंद नुसता काळा पडदा. त्या सेकंदांत कुणी बोललं नाही. मग बोर्डचं चिन्ह उमटलं.

तिनं पहिली फाइल उघडली ती आजोबांच्या एका चादरीची, मोराची किनार असलेली. अण्णा स्टूल सरकवून पुढं झाले आणि पडद्यावर बोट ठेवून मोराच्या मानेपाशी थांबले. "इथं एक धागा चुकलाय," ते म्हणाले. "बाबांच्या कार्डातही चुकलेलाच होता. राहू दे तसाच."